तार्त्युफची वाट पाहणारे लोक

नाटकाची वाट पाहावी लागते. पुस्तक कपाटातून काढले की वाचता येते, शेर आठवला की केव्हाही गुणगुणता येतो. नाटकाचे तसे नाही. त्याला नटमंडळी हवीत, रंगमंच हवा, ठरलेली तारीख हवी आणि पुष्कळदा सत्तेची परवानगीही हवी. त्यामुळे नाटकाच्या इतिहासात लेखक आणि नट यांच्याइतकाच आणखी एक घटक महत्त्वाचा ठरतो. तो म्हणजे दाराबाहेर थांबलेला प्रेक्षक. इतिहासकार राजांची, लढायांची, तहांची नोंद ठेवतात. या प्रेक्षकाची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. एका नाटकाच्या बाबतीत मात्र अशी नोंद बऱ्यापैकी शिल्लक आहे. ते नाटक म्हणजे फ्रेंच नाटककार मोलिएर याचे 'तार्त्युफ'.

१५ जानेवारी २०२२ या दिवशी मोलिएरच्या बाप्तिस्म्याला चारशे वर्षे पूर्ण झाली. त्याची जन्मतारीख नक्की माहीत नसल्याने हीच तारीख त्याचा वाढदिवस म्हणून पाळली जाते. पॅरिसमधील 'कोमेदी-फ्रांसेज' ही नाट्यसंस्था १६८० साली राजाज्ञेने स्थापन झाली. तिला लोक आजही 'मोलिएरचे घर' म्हणतात. या संस्थेने जानेवारी ते जुलै २०२२ हा संपूर्ण हंगाम मोलिएरला वाहिला. कंजूष म्हातारा, शहाणपणाचा आव आणणारा श्रीमंत, आजाराचे सोंग जपणारा रोगी, धूर्त नोकर स्कापँ ही सारी जुनी पात्रे एकामागून एक रंगमंचावर यायची होती. त्याआधीची दोन वर्षे कोरोनाची. फ्रान्समधली नाट्यगृहे ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस बंद झाली ती १९ मे २०२१ रोजी उघडली. अंधाऱ्या प्रेक्षागृहात शेजारच्या माणसाबरोबर हसण्यासाठी माणसे आसुसलेली होती.

हंगामाचा पहिला मान मिळाला 'तार्त्युफ'ला. पण हे नेहमीचे 'तार्त्युफ' नव्हते. नेहमीचे नाटक पाच अंकी. ते कोमेदी-फ्रांसेजमध्ये तीन हजारांहून अधिक वेळा झाले आहे आणि फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. या वेळी जाहीर झाले होते ते १६६४ सालचे तीन अंकी नाटक, ज्याच्यावर राजाने बंदी घातली होती आणि ज्याची मूळ संहिता हरवलेली आहे. मोलिएरचे अभ्यासक जॉर्ज फोरेस्तिए यांनी उपलब्ध पुराव्यांवरून त्याची पुनर्रचना केली, आणि बेल्जियमचे दिग्दर्शक ईवो व्हान होव्हे यांनी ती बसवली. ज्यांना तिकीट मिळाले नाही त्यांच्यासाठी त्या रात्रीचा प्रयोग फ्रान्समधील चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला. १६६४ साली पॅरिसच्या सामान्य प्रेक्षकाला जे पाहू दिले नाही, ते पाहायला त्याचे वंशज साडेतीनशेहून अधिक वर्षांनी जमले होते.

हे प्रकरण नीट समजायचे तर मागे जावे लागेल.

सतरंजीवाल्याचा मुलगा

मोलिएरचे खरे नाव झाँ-बातिस्त पोकलँ. बाप पॅरिसमधला गाद्या-पडदे, गालिचे यांचा व्यापारी आणि राजदरबारी त्याच कामाचा मानकरी. मुलाने बापाची गादी चालवावी अशी रीत. मुलाने १६४३ मध्ये नाटकमंडळी काढली. मंडळी दोन वर्षांत कर्जात बुडाली, आणि १६४५ मध्ये मोलिएरला कर्जापायी काही दिवस तुरुंगात काढावे लागले. नंतरची सुमारे तेरा वर्षे तो मंडळीबरोबर फ्रान्सभर गावोगाव फिरला. आपल्याकडच्या जुन्या नाटकमंडळ्यांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे आठवावे, तसेच. याच फिरतीत त्याला माणसे भेटली. कंजूष, ढोंगी, अर्धशिक्षित वैद्य, मुलींच्या लग्नाचा सौदा करणारे बाप असे सगळे नमुने त्याने तिथेच पाहिले असावेत. १६५८ मध्ये तो पॅरिसला परतला, तरुण राजा चौदाव्या लुईसमोर त्याने प्रयोग केला, आणि राजाला तो आवडला.

त्या काळी फ्रान्समध्ये नटाचा धंदा चर्चला मान्य नव्हता. नटाने मरणापूर्वी आपला धंदा सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय त्याला धार्मिक दफन मिळत नसे. ज्या माणसाला राजा आपल्या बागेत बोलावून नाटक करायला सांगत होता, त्यालाच कबरीची जागा मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. ही विसंगती लक्षात ठेवली म्हणजे 'तार्त्युफ' लिहिण्यातला धोका कळतो.

नाटकाची गोष्ट साधी आहे. ओर्गों हा सुखवस्तू गृहस्थ. त्याला प्रार्थनास्थळी तार्त्युफ नावाचा एक माणूस भेटतो. तो मोठ्याने उसासे टाकतो, जमिनीचे चुंबन घेतो, मिळालेल्या भिकेतला अर्धा वाटा दुसऱ्या गरिबांना वाटून दाखवतो. ओर्गों भारावतो आणि त्याला घरी आणतो. घरात तार्त्युफचे राज्य सुरू होते. बायको आजारी होती असे मोलकरीण सांगते, तर ओर्गों विचारतो, तार्त्युफ कसा आहे? तो पोटभर जेवला, शांत झोपला असे कळते, तरी ओर्गोंला त्याचीच कीव येते. पुढे हा साधुपुरुष ओर्गोंच्या बायकोवर, एल्मीरवर, डोळा ठेवतो. मुलगा सांगतो तर बाप मुलालाच घराबाहेर काढतो. शेवटी एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली लपवते आणि तार्त्युफचे खरे बोलणे त्याच्या कानांवर घालते.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना ओळखीची माणसे आठवतील. मराठीत तर या प्रकाराला 'बुवाबाजी' असा खास शब्दच आहे.

पाच वर्षे

१२ मे १६६४ रोजी वर्सायच्या उद्यानात चाललेल्या शाही उत्सवात हे नाटक तीन अंकांत प्रथम झाले. राजा पंचवीस वर्षांचा होता. त्याला मजा वाटली. तरीही त्याने सार्वजनिक प्रयोगांना मनाई केली. उत्सवाच्या अधिकृत वृत्तांतात दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. खरा भक्त आणि भक्तीचा देखावा करणारा यांच्यात बाहेरून इतके साम्य असते, की लेखकाचा हेतू चांगला असूनही कमी समज असलेली माणसे दोहोंत गल्लत करतील, असा त्याचा आशय. म्हणजे राजाला फरक कळतो, दरबाऱ्यांना कळतो, लोकांना मात्र कळणार नाही. बंदी घालणारे आजही हेच कारण देतात.

पडद्यामागे आणखी हालचाली होत्या. 'पवित्र संस्कार मंडळ' नावाची एक गुप्त धार्मिक संघटना पॅरिसमध्ये काम करीत होती. हे नाटक कसे थांबवता येईल यावर प्रयोगाच्या आधीच, एप्रिल महिन्यात, तिच्या बैठकीत चर्चा झाली होती. राजमाता अतिशय धार्मिक होती, तिचे वजन त्याच बाजूला होते. पॅरिसमधील पिएर रुले नावाच्या एका धर्मगुरूने पुस्तिका काढून मोलिएर हा माणसाच्या देहात वावरणारा सैतान असून तो जाळण्याच्याच लायकीचा आहे, असे जाहीर केले. मोलिएरने राजाकडे लेखी अर्ज केला. विनोदाचे काम माणसांचे दोष सुधारण्याचे आहे, आणि ढोंग हा दोष सर्वांत घातक, अशी त्याची बाजू होती.

इथून वाट पाहण्याचा इतिहास सुरू होतो. जाहीर प्रयोग बंद, पण खासगी वाचन आणि खासगी प्रयोग चालू राहिले. राजाच्या भावाकडे ते झाले, राजपुत्र कोंदेच्या घरी झाले. ज्याच्या घरी मोलिएर हे नाटक वाचायला येई त्या घराची प्रतिष्ठा वाढे. कवी बोआलो याने त्या सुमारास लिहिलेल्या एका उपहासपर कवितेत एक यजमान पाहुण्याला भोजनाला ओढून नेण्यासाठी आमिष दाखवतो, की मोलिएर 'तार्त्युफ' घेऊन येणार आहे. जेवणापेक्षा बंदी घातलेल्या नाटकाची गोडी मोठी झाली होती. अर्थात ही गोडी मोठ्या घरांतल्या लोकांसाठी. दुकानदार, कारकून, विद्यार्थी, पाले-रोयाल नाट्यगृहात उभे राहून नाटक पाहणारा स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक, हे सारे फक्त ऐकत होते.

५ ऑगस्ट १६६७ रोजी संधी आली असे वाटले. राजा फ्लँडर्सच्या मोहिमेवर होता. त्याने तोंडी परवानगी दिली आहे असे मोलिएरचे म्हणणे होते. त्याने नाटकाचे नाव बदलून 'तोतया' असे केले, नायकाचे नाव पान्युल्फ ठेवले, त्याच्या अंगावरचा धर्मगुरूसारखा साधा पोशाख काढून तलवार आणि झालरीचे कपडे चढवले. काही तिखट जागा मऊ केल्या. नाट्यगृह भरले. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या न्यायसभेचे अध्यक्ष लाम्वान्यों यांनी प्रयोग थांबवला. मोलिएरने ला ग्रांज आणि ला तोरिलिएर या आपल्या दोन नटांना दुसरा अर्ज घेऊन थेट लीलच्या वेढ्यात राजाकडे पाठवले. ते वाटेत असतानाच, ११ ऑगस्टला, पॅरिसच्या आर्चबिशपने फर्मान काढले. हे नाटक जो करील, वाचील किंवा ऐकेल, मग ते जाहीर असो की खासगी, तो धर्मबहिष्कृत होईल. राजाने परत आल्यावर पाहू असे उत्तर दिले. मंडळीने सुमारे सात आठवडे नाट्यगृह बंद ठेवले.

त्याच महिन्यात एक निनावी पत्र छापून प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्याने तो एकमेव प्रयोग पाहिला होता. त्याने नाटकातला प्रवेशन् प्रवेश वर्णन करून सांगितला आणि धर्माच्या नावाने चाललेल्या ढोंगाला हसणे धर्माच्याच हिताचे कसे आहे याची चर्चा केली. ज्यांना नाटक पाहता आले नाही ते आता नाटकाचे वर्णन वाचत होते. आज अभ्यासकांना १६६७ च्या नाटकाबद्दल जे कळते ते बहुतांशी या पत्रामुळेच.

अखेर १६६९ च्या सुरुवातीला फ्रेंच चर्चमधला मोठा अंतर्गत वाद तात्पुरता मिटला, राजावरचा दबाव सैल झाला. राजमाता तीन वर्षांपूर्वीच वारली होती. ५ फेब्रुवारी १६६९ रोजी परवानगी आली आणि त्याच दिवशी प्रयोग झाला. ला ग्रांज हा नट मंडळीचा हिशेब आपल्या वहीत लिहून ठेवी. ती वही आज उपलब्ध आहे. त्या दिवसाचा गल्ला २८६० लिव्र, इतका मोठा की मंडळीने तसा कधी पाहिला नव्हता. दारात इतकी रेटारेटी झाली की लोक चेंगरतात की काय असे वाटावे. मोलिएर स्वतः ओर्गोंची भूमिका करीत होता, आणि म्हाताऱ्या मादाम पेर्नेलच्या वेषात पुरुष नट होता. नाटक पुढे अनेक आठवडे सतत चालले. पाच वर्षे अडवलेले हसू एकदम सुटले होते.

परवानगीची किंमत

इथे गोष्ट संपली असती तर ती सत्याच्या विजयाची सोपी गोष्ट झाली असती. पण लोकांनी १६६९ मध्ये जे पाहिले ते १६६४ चे नाटक नव्हते.

१६६४ चे नाटक तीन अंकी होते. फोरेस्तिए यांच्या मांडणीप्रमाणे ते आजच्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या जवळ जाणारे असावे. त्यात ओर्गोंची मुलगी आणि तिचा प्रियकर यांची प्रेमकथा नव्हती. मुख्य म्हणजे शेवट वेगळा होता. घरातल्या माणसांनी ढोंग उघडे पाडायचे आणि ढोंग्याला बाहेर काढायचे, इथे ते संपत होते. म्हणजे घराचा प्रश्न घराने सोडवला.

१६६९ च्या पाच अंकी नाटकात तार्त्युफचा पर्दाफाश झाल्यावर तो हसतो आणि सांगतो की बाहेर जायचे ते तुम्ही, घर माझे आहे. ओर्गोंने सारी मालमत्ता आधीच त्याच्या नावे करून दिलेली असते. एका मित्राची धोकादायक कागदपत्रेही त्याच्या हाती दिलेली असतात. कुटुंब रस्त्यावर येणार, ओर्गों तुरुंगात जाणार, इतक्यात राजाचा अधिकारी येतो आणि ओर्गोंऐवजी तार्त्युफलाच पकडतो. मग राजाच्या न्यायबुद्धीची लांबलचक स्तुती. राजाच्या नजरेतून कोणताही ढोंगी सुटत नाही, असे त्या भाषणाचे तात्पर्य.

मोलिएरला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते? चर्च विरोधात, न्यायसभा विरोधात, एकटा राजा काय तो पाठीशी. शिवाय पाचव्या अंकाने नाटकात भर घातली हेही खरे. ढोंगी उघडा पडला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही, कागदपत्रे आणि कायदा त्याच्या बाजूने असू शकतात, हे भयंकर सत्य त्या अंकातच येते. तरीही एक देवघेव तिथे झाली आहे. एका सत्तेच्या ढोंगावर हसण्याची मुभा मिळावी म्हणून दुसऱ्या सत्तेसमोर मान लववावी लागली. धर्माच्या ठेकेदारांपासून सुटका राजाने केली, आणि त्याची पावती म्हणून नाटकाचा शेवट राजाला मिळाला. २०२२ च्या प्रेक्षकांना तीन अंकी नाटकाचे कुतूहल होते ते याचसाठी. राजा वजा केला तर नाटक उभे राहते का, हे त्यांना पाहायचे होते.

मोलिएरने छापील नाटकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा सांगितला आहे. बंदीनंतर आठवड्याभरात दरबारात 'संन्यासी स्कारामूश' नावाचे एक इटालियन धाटणीचे प्रहसन झाले. ते बरेच फाजील होते. राजाने कोंदेला विचारले, मोलिएरच्या नाटकाने ज्यांच्या भावना दुखावतात ते या प्रहसनाबद्दल अवाक्षर का काढीत नाहीत? कोंदेचे उत्तर असे, की या प्रहसनात स्वर्गाची आणि धर्माची टिंगल आहे, त्याची त्या गृहस्थांना फिकीर नाही. मोलिएरच्या नाटकात त्यांची स्वतःची टिंगल आहे, ती त्यांना सोसवत नाही. भावना दुखावल्याच्या प्रत्येक प्रकरणात हा प्रश्न विचारून पाहावा, कुणाच्या आणि कशामुळे?

चर्चने हिशेब शेवटपर्यंत ठेवला. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी 'काल्पनिक रोगी' या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात मोलिएरला रंगमंचावरच त्रास होऊ लागला आणि त्याच रात्री घरी तो वारला. धर्मगुरू वेळेवर आला नाही. दफनाला नकार मिळाला. त्याची पत्नी आर्मांद हिने राजाकडे धाव घेतली, तेव्हा रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता पुरण्याची परवानगी मिळाली.

रियाचा अंजाम

आता प्रश्न येईल की पॅरिसच्या या जुन्या भांडणाशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडच्या देशांत आधुनिक रंगभूमी सुरू झाली, तेव्हा तिच्या उंबरठ्यावर अनेक ठिकाणी मोलिएर उभा होता.

बैरुतमध्ये मारून अल-नक्काश या ख्रिस्ती अरब व्यापाऱ्याने १८४७ च्या सुमारास स्वतःच्या घरी 'अल-बखील' हे नाटक केले. अरबी भाषेतले ते पहिले आधुनिक नाटक मानतात, आणि त्याची प्रेरणा मोलिएरच्या कंजुषाची. इजिप्तमध्ये याकूब सनूआ या यहुदी लेखकाने १८७० पासून कैरोत अरबी नाटके केली. खेदिव इस्माईलने खूश होऊन त्याला 'इजिप्तचा मोलिएर' म्हटले, आणि १८७२ मध्ये त्याचे नाट्यगृह बंद झाले. बक्षीस आणि बंदी यांच्यात दोनच वर्षांचे अंतर! १८७३ मध्ये मुहंमद उस्मान जलाल याने 'तार्त्युफ'चे इजिप्तच्या बोलीत रूपांतर केले आणि त्याला नाव दिले 'अल-शेख मतलूफ'. फ्रेंच ढोंग्याला शेखचा पोशाख अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. उस्मानी तुर्कस्तानात अहमद वफीक पाशा यांनी मोलिएरची अनेक नाटके तुर्कीत आणली आणि १८७९ ते १८८२ या काळात बुर्साचे राज्यपाल असताना तिथे नाट्यगृह चालवले. कवी जिया पाशा यांनीही 'तार्त्युफ'चे भाषांतर केले. त्याचे नाव 'रियानिन अंजामी', म्हणजे आपल्या उर्दूत 'रिया का अंजाम'.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या वर्गात गझल शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. मिस, शायर शेखसाहेबांना आणि जाहिदला सारखे का चिडवतो? शायर नमाजी माणसाच्या विरुद्ध आहे का? मुलांना सांगावे लागते, की गझलेतला शेख, वाइज, जाहिद ही खरी भक्त माणसे नव्हेत. दुसऱ्याच्या पापांचा हिशेब ठेवणारी आणि स्वतःची नजर चुकवणारी ती पात्रे आहेत. रिया आणि इखलास, दिखावा आणि सच्चेपणा हा भेद आपल्याकडे धर्मानेच शिकवलेला आहे. सूरह माऊनमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना इशारा आहे, हे मुलांना पाठ असते. मग राजाने १६६४ मध्ये प्रजेला जमणार नाही म्हणून ठरवलेला फरक नववीच्या मुलांना दहा मिनिटांत समजतो.

उर्दू-हिंदुस्तानी रंगभूमीनेही मोलिएरला आपला मानला. हजरत आवारा यांच्या 'कंजूस' या रूपांतरात नायकाचे नाव आहे मिर्झा सखावत बेग. सखावत म्हणजे दानशूरपणा! नावातच अर्धे नाटक होऊन जाते. हबीब तन्वीर यांनी मोठेपणासाठी हपापलेल्या मस्य जूर्दँला 'मिर्झा शोहरत बेग' केले. मराठीत हरि नारायण आपटे यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' लिहिले, आणि आचार्य अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मध्ये फ्रेंच आर्पागों अस्सल मराठी पंपूशेट झाला. मराठी प्रेक्षक त्याला हसला तेव्हा हे पाहुणे पात्र आहे असे त्याला वाटले नाही.

या मैत्रीत एक खडाही आहे, तो झाकून ठेवणे बरे नाही. १६६९ मध्ये उस्मानी दरबाराचा दूत सुलेमान आगा फ्रान्समध्ये आला. चौदाव्या लुईच्या थाटामाटाने तो दिपला नाही, याची दरबारात चर्चा झाली. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १६७० रोजी, शांबोर येथे मोलिएरचे 'शिष्ट होऊ पाहणारा शेठ' हे नाटक झाले. त्यात जूर्दँला फसवून 'मामामुशी' नावाची खोटी तुर्की पदवी देण्याचा सोहळा आहे. पगड्या, मेणबत्त्या, मोडक्यातोडक्या भाषेतले मंत्र, आणि मुफ्तीच्या भूमिकेत खुद्द संगीतकार ल्युली. तुर्कांच्या रीतिरिवाजांची माहिती पुरवायला त्या प्रदेशात राहून आलेल्या श्वालिए दार्व्यूला नेमले होते. विनोदाचा रोख जूर्दँच्या हव्यासावर आहे, हे मान्य. पण हशा पिकतो तो परक्या धर्माच्या पोशाखावर, हेही नाकारता येत नाही. 'तार्त्युफ' लिहिताना मोलिएरने आपल्याच घरातल्या, आपल्यापेक्षा बलवान ढोंगाला हात घातला होता. त्याची किंमत त्याने मोजली. तुर्की सोहळ्यात हसायचे ते दूर असलेल्या, उत्तर द्यायला समोर नसलेल्या माणसांना. तिथे किंमत मोजावी लागली नाही, टाळ्या मिळाल्या. एकाच लेखकाच्या हाताने झालेल्या या दोन विनोदांतला फरक वाचकाने जपून ठेवावा. तरीही वफीक पाशांसारख्या तुर्की माणसाने मोलिएरला नाकारले नाही, आपल्या घरात आणून बसवले. त्याच्यातले काय आपल्या उपयोगाचे आहे याची निवड त्यांनी स्वतः केली.

पुन्हा दाराशी

१५ जानेवारी २०२२ च्या रात्री तार्त्युफच्या भूमिकेत क्रिस्तोफ मोंतनेझ होते आणि ओर्गोंच्या भूमिकेत दनी पोदालिदेस. राजाचा अधिकारी त्या रात्री आला नाही, येणारही नव्हता. कुणी वरून वाचवायला येणार नाही हे ठाऊक असलेल्या घरात ढोंग्याशी गाठ पडली की काय होते, तेवढेच प्रेक्षकांसमोर होते. फ्रान्समध्ये आता राजा नाही, आर्चबिशपच्या फर्मानाला कोणी भीत नाही. तरी नाटक जुने झालेले नाही, कारण ओर्गों अजून आहे. तार्त्युफपेक्षा तोच अधिक टिकाऊ निघाला. तार्त्युफ घरात येतो तो दार फोडून नव्हे. ओर्गों त्याला सन्मानाने आत आणतो, त्याच्यासाठी मुलाला बाहेर काढतो, बायकोचे ऐकत नाही. ढोंग्याला नोकरी भोळा माणूसच देतो.

हा धडा कोणत्याही एका समाजाचा नाही. पण आपल्या समाजात नाटकाची सवय कमी, आणि जिथे आहे तिथे परवानगीची धास्ती मोठी. शाळांच्या वार्षिक संमेलनांत 'कंजूस'मधले प्रवेश होतात. मिर्झा सखावत बेगवर मुले हसतात, पालक हसतात, कारण पैशाच्या लोभावर हसायला कोणाची हरकत नसते. 'तार्त्युफ'ची पाळी आली की सगळेजण एकमेकांकडे पाहू लागतात. काय म्हणतील, कोण म्हणेल, कशाला उगाच! हे नाटक करावे असे कोणी सांगत नाही आणि करू नये असेही कोणी सांगत नाही. ही न लिहिलेली बंदी उठवायला राजाच्या हुकुमाची गरज नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी आठ-दहा उत्साही मुला-मुलींनी एकत्र यावे, जिया पाशांकडून नाव उसने घ्यावे आणि आपल्या बोलीत, मराठीत किंवा दखनीत, हे तीन अंक उभे करावेत. राजा आपल्याकडे नसल्याने पाचव्या अंकाचीही अडचण नाही. प्रेक्षक किती येतील याची चिंता करू नये. ला ग्रांजची वही सांगते, की अशा नाटकासाठी लोक पाच वर्षे थांबतात आणि दार उघडले की रेटारेटी करून आत शिरतात.